पहिला तांत्रिक लेख : प्रश्न लहान, पुरावा पूर्ण

लेख लिहायचं मनावर घेतलं की प्रोग्रामरच्या डोक्यात पहिल्यांदा येणारे विषय बहुधा भलेमोठे असतात. 'डॉकरची ओळख', 'पायथन शिकू या', 'डेटाबेसमधला इंडेक्स म्हणजे काय'. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. आपण लिखाणात नवखे, तेव्हा प्राथमिक विषय घ्यावा. प्राथमिक म्हणजे ओळख करून देणारा. आणि ओळख करून देणं सोपंच असणार. घोटाळा होतो तो या शेवटच्या समजुतीत. ओळख करून देणारा लेख हा तांत्रिक लेखनातला सगळ्यांत अवघड प्रकार आहे. त्यात काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला अख्खा विषय हाताखालून गेलेला असावा लागतो. म्हणून पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांना माझं सांगणं उलट टोकाचं आहे. एकच प्रश्न घ्या, तो इतका लहान असू द्या की सुरुवातीला तो लेखाच्या लायकीचाच वाटू नये, आणि मग त्या प्रश्नाचा तळ गाठेपर्यंत सोडू नका.

ओळखीच्या लेखात प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. डॉकरची व्याख्या त्याच्या अधिकृत दस्तऐवजांत आहे. लिहिणारा ती वाचतो, दोन-चार शब्द इकडचे तिकडे करतो आणि आपल्या लेखात आणतो. मग फायदे येतात, तेही तिथलेच. मग इन्स्टॉल करण्याच्या आज्ञा येतात, आणि त्या पुढच्या आवृत्तीत बदलतात. या सगळ्यात लेखकाने स्वतः पाहिलेलं, मोजलेलं, चालवून बघितलेलं असं काहीच नसतं, आणि वाचकाला ते दुसऱ्याच परिच्छेदात कळतं. चुकीची माहिती शिरण्याचा धोकाही अशाच लेखात जास्त. उसनं वाक्य बरोबर आहे की नाही हे पडताळायचं साधन उसनं घेणाऱ्याकडे नसतं. याउलट, तुमच्या संगणकावर मंगळवारी दुपारी जे बिघडलं आणि बुधवारी संध्याकाळी ज्या कारणाने दुरुस्त झालं, त्याबद्दल जगात सगळ्यांत जास्त माहिती तुम्हालाच आहे. नवखेपणा तिथे आड येत नाही.

या मताला आधार म्हणून एक गाजलेलं उदाहरण घेऊ. जून २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. विषय होता बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघायचं आणि दर वेळी अर्धी यादी बाजूला टाकायची ती पद्धत. संगणकशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ती सुरुवातीलाच शिकतो. ब्लॉक यांनी तिची ओळख करून देण्यात वेळ घालवला नाही. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीसाठी त्यांनीच लिहिलेल्या कोडमधली एक ओळ त्यांनी समोर ठेवली: खालची हद्द आणि वरची हद्द यांची बेरीज करायची, दोनने भागायचं, की मधली जागा मिळाली. गणितात ही ओळ निर्दोष आहे. पण ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी सगळ्यांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. दोन हद्दींची बेरीज तिच्यापुढे गेली की उत्तर ऋण येतं, आणि ॲरेच्या हद्दीबाहेर गेल्याबद्दल जावा एरर देते. यादीत साधारण १०७ कोटी किंवा त्याहून जास्त घटक असले की हे घडू शकतं. ही चूक जावात सुमारे नऊ वर्षं कुणाच्या डोळ्यांत न भरता बसून होती. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या नावाजलेल्या पुस्तकात ज्या बायनरी सर्चची अचूकता पायरीपायरीने सिद्ध करून दाखवली होती, तिच्यातही ती होती. उपाय एका ओळीचाच: दोन हद्दींतल्या फरकाचा अर्धा भाग खालच्या हद्दीत मिळवायचा.

लेख लहान आहे आणि त्याचा दावाही एका ओळीएवढाच आहे. तरी इतक्या वर्षांनंतर त्याचा हवाला दिला जातो, कारण त्या ओळीबद्दल विचारण्यासारखं सगळं त्यात आलं आहे: कोड कुठला, चूक कोणत्या ओळीत, ती कधी प्रकट होते, इतकी वर्षं का दिसली नाही, आणि दुरुस्ती काय. वाचणाऱ्याला ब्लॉक यांच्या नावावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. दोन मोठे पूर्णांक घ्या, बेरीज करा, उत्तर ऋण येतं का बघा. पहिल्या लेखाने उचलावी अशी गोष्ट हीच: वाचकाला स्वतः करून बघता येईल असा दावा.

दुसरा आधार वाचकाच्या बाजूने आहे. १९८०च्या दशकात आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या माणसांचं निरीक्षण करत होते. पुस्तिका तयार करणाऱ्यांनी शिस्तीत धडे मांडले होते: आधी प्रस्तावना, मग संकल्पना, मग सराव. शिकणारे मात्र तसं वागत नव्हते. ते पानं उलटून पुढे जात, हातातलं खरं काम करायला धडपडत, मध्येच अडकत आणि अडकल्यावर पुस्तिकेत शोधत. त्यांनी केलेली चूक तिथे कुठेच नसे, कारण पुस्तिका सगळं सुरळीत चालेल असं धरून लिहिलेली होती. कॅरोल यांच्या गटाने मग प्रस्तावना आणि पुनरुक्ती छाटली, पहिल्या पानापासून खरं काम दिलं, आणि चूक झाली तर ती ओळखायची कशी व तिच्यातून बाहेर पडायचं कसं याला जागा दिली. या छोट्या पुस्तिकेवर लोक लवकर शिकले. १९९०च्या 'द न्यूर्नबर्ग फनेल' या त्यांच्या पुस्तकात हे सगळं मांडलेलं आहे. तुमच्या लेखाचा वाचक याच जातकुळीतला आहे. तो फुरसतीत आलेला नसतो; त्याच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत काहीतरी आलेलं असतं. त्याला आधी हवी असते खूण, की माझं आणि या लेखकाचं दुखणं एकच आहे.

आता एक विषय जवळून पाहू. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कुणालाही तो भेटू शकतो. समजा, शेतीविषयक मजकुराच्या एका संचात पायथन वापरून 'शेतकऱ्यांना' हा शब्द शोधायचा आहे. काही नोंदी सापडतात, काही सापडत नाहीत, आणि न सापडलेल्या नोंदींत तो शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसतो. पहिल्यांदा लिहिणारा इथून 'युनिकोड आणि मराठी : एक परिचय' असा लेख लिहायला जाईल. तसं करू नये. लेखाचा विषय हाच आणि एवढाच: दिसायला अगदी सारखे असलेले दोन 'शेतकऱ्यांना' पायथनला वेगळे का वाटतात?

तपासाची पहिली पायरी मोजणीची. लेन फंक्शनला एक 'शेतकऱ्यांना' दिला तर उत्तर ११ येतं, दुसरा दिला तर १२. एवढ्या एका फरकाने लेखाला पाया मिळतो, म्हणून तो लेखात जसाच्या तसा दिसला पाहिजे. पुढे प्रत्येक कोड पॉइंट वेगळा छापून बघितला की कारण उघडं पडतं. अर्ध्या र-ची ती आडवी पापणी दोन रीतींनी साठवता येते. एका रीतीत ऱ हा स्वतंत्र वर्ण, युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा, आणि त्यापुढे हलन्ताची खूण. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह, क्रमांक २००डी. युनिकोडच्या प्रमाणात आज पहिली रीत मुख्य आहे आणि दुसरी २.० या जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली आहे. टायपिंगचं साधन बदललं की मजकुरात कधी ही येते, कधी ती. यूटीएफ-८ मध्ये साठवले तर पहिला शब्द ३३ बाइटांचा आणि दुसरा ३६ बाइटांचा होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच.

लेखाचा सगळ्यांत मोलाचा भाग यापुढे आहे, आणि नवखे लेखक नेमका तोच गाळतात: फसलेले उपाय. युनिकोडची थोडी माहिती असलेला माणूस म्हणेल, नॉर्मलाइझ करा. करून पाहिलं तर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणल्यावरही ११ आणि १२ हा फरक तसाच राहतो. नॉर्मलायझेशनचा इथे उपयोग आहे, पण वेगळ्याच ठिकाणी. कुणी र-ला खाली नुक्ता जोडून ऱ बनवला असेल, तर एनएफसी त्याचा ०९३१ करून देतं. जॉइनरला ते हात लावत नाही. मग दुसरा उपाय सुचतो: न दिसणारं चिन्हच उडवून टाका. हा उपाय जास्त घातक आहे, कारण तो चालल्यासारखा दिसतो. जॉइनर काढला की लांबी ११ होते, पण शब्द होतो 'शेतकर्यांना', य-च्या डोक्यावर रफार चढलेला. तुलना अजूनही जुळत नाहीच, वर मजकूर बिघडला तो वेगळा. मराठीत हा बिघाड नुसता दिसण्यापुरता राहत नाही. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. 'दऱ्या' डोंगरातल्या आणि 'दर्या' समुद्र. सरसकट जॉइनर काढणारा प्रोग्राम आचाऱ्यांचे आचार्य करून ठेवतो. शिवाय कुटुंबाचं चित्र दाखवणाऱ्या इमोजी याच चिन्हाने जोडलेल्या असतात, त्याही सुट्या पडतात.

चालणारा उपाय या दोन अपयशांतून आपोआप पुढे येतो. आधी एनएफसी करायचं, म्हणजे नुक्त्याची रूपं एक होतील. मग र, हलन्त आणि जॉइनर हे तिन्ही याच क्रमाने लागून आले असतील तर आणि तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे. मूळ मजकूर तसाच राहू द्यायचा. बदल फक्त शोधासाठी बनवलेल्या प्रतीवर करायचा. चाचणीसाठी 'शेतकऱ्यांना'ची तिन्ही रूपं घ्यायची, आणि त्यांच्या जोडीला 'दर्या' व 'आचार्यांना' हे शब्दही, म्हणजे ज्यांना हात लागायला नको त्यांना तो लागलेला नाही हे सिद्ध होतं. शेवटी मर्यादा सांगायची: हा लेख पायथनमधल्या स्ट्रिंगच्या तुलनेपुरता आहे, डेटाबेसमध्ये शोध घेतला तर तिथलं कोलेशन काय ठरवतं त्यावर उत्तर वेगळं येऊ शकतं. या एका वाक्यामुळे लेख कमकुवत होत नाही. दाव्याची हद्द आखलेली असली की हद्दीतल्या भागावर वाचक निर्धास्त विसंबतो.

हाच मजकूर दोन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि फरक पहिल्या वाक्यातच पडतो. 'संगणकावर मराठी हाताळताना अनेक अडचणी येतात' हे वाक्य खोटं नाही, पण ते खोडून काढायचं म्हटलं तरी कुणाला खोडता येणार नाही, इतकं ते सैल आहे. त्याऐवजी असं लिहा: 'पायथन ३ मध्ये दोन "शेतकऱ्यांना" शब्दांची तुलना केली आणि उत्तर फॉल्स आलं, एकाची लांबी ११ निघाली, दुसऱ्याची १२.' ज्याच्यापुढे हाच प्रश्न आहे तो इथे थबकतो, आणि ज्याचा प्रश्न वेगळा आहे तो वेळ न दवडता पुढे जातो. शीर्षकाचंही तसंच. त्यात तंत्रज्ञानाच्या नावाआधी लक्षण यावं, कारण माणूस शोधतो ते लक्षण. कारणाचं नाव त्याला अजून माहीतच नसतं. एरर मेसेज आला असेल तर तो पूर्ण, अक्षरशः आणि मूळ लिपीत द्या, भाषांतर करून नव्हे. कोड चित्राच्या रूपात टाकू नका. चित्रातला कोड कॉपी करता येत नाही, शोधात सापडत नाही आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

आवृत्त्या लिहिण्याबाबत आग्रहाने सांगायला हवं, कारण लेख जुना होतो तो इथूनच. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्या काळच्या लेखांत प्रिंट आज्ञा कंसाविना लिहिलेली असते आणि पायथन ३ मध्ये ती थेट सिंटॅक्स एरर देते. हे त्यातल्या त्यात बरं, निदान वाचकाला कळतं तरी. पाचाला दोनने भागणारी ओळ मात्र जुन्या पायथनमध्ये २ देत असे आणि नव्यात २.५ देते, एरर येत नाही, फक्त पुढचा सगळा हिशोब चुकतो. लेखाच्या वरच्या भागातच भाषेची, लायब्ररीची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आणि तपासल्याची तारीख असेल, तर पाच वर्षांनी येणारा वाचक फसत नाही. यासाठी लागते फक्त एक ओळ.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की हे सगळं दस्तऐवजांत आधीच लिहिलेलं आहे. बरोबर आहे. ऱ आणि जॉइनरचा नियम युनिकोडच्या प्रमाणग्रंथात आहेच. पण तिथे तो लिपी कशी रेखाटायची या प्रकरणातला एक नियम म्हणून येतो. ज्याचा शोध चुकतो आहे त्याला त्या प्रकरणात जावं हे सुचणारच नाही. आपली वस्तू काय करते हे दस्तऐवज सांगतात. ती बिघडली की बाहेरून कशी दिसते हे क्वचितच सांगतात. लक्षणापासून नियमापर्यंतचा रस्ता दाखवणं हे स्वतंत्र काम आहे, आणि तो रस्ता नुकताच चाललेल्या माणसाला ते सगळ्यांत चांगलं जमतं. अनुभवी माणूस मधले थांबे विसरलेला असतो.

दुसरा आक्षेप स्वतःविषयीचा असतो: मी तज्ज्ञ नाही, मी काय लिहिणार? यावर धीराचे शब्द पुरत नाहीत. दाव्याचा आकार बघावा लागतो. 'मराठी मजकूर कसा साठवावा' असं सांगायला तज्ज्ञच हवा. 'या दोन स्ट्रिंग्ज वेगळ्या निघाल्या, हे त्यांचे कोड पॉइंट' हे सांगायला कुणीही चालतो, कारण कुणीही ते ताडून पाहू शकतो. तज्ज्ञ असल्याने चूक टळतेच असंही नाही. ब्लॉक यांच्या त्याच लेखात सी आणि सी++ साठी सुचवलेली दुरुस्ती सी९९ प्रमाणानुसार नक्की चालेलच असं नव्हतं. एका वाचकाने ते दाखवून दिलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये लेखात तारखेसह सुधारणा आली. दावा तपासण्याजोगा होता म्हणूनच तो सुधारता आला. चूक निघेल या भीतीने गोल गोल लिहिणाऱ्याची चूक कुणाला दाखवता येत नाही, आणि म्हणून ती तशीच राहून जाते.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. इतक्या अरुंद विषयाला वाचक किती मिळणार? कमी मिळतील, हे मान्य करायला हवं. 'पायथनची ओळख' वाचायला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण त्या गर्दीत तुमचा लेख शेकडो लेखांतला एक असतो आणि त्याच्याविना कुणाचं अडत नाही. अरुंद लेखाकडे दहाच माणसं आली तरी त्या दहांचं काम अडलेलं असतं. लेखकालाही यातून जास्त मिळतं. नोकरीसाठी मुलाखत घेणारा अभियंता ओळखीचा लेख वाचून फार काही ताडू शकत नाही. पण ११ आणि १२ मधल्या फरकापासून 'आचार्यांना' या चाचणीपर्यंत गेलेला तपास वाचला, की हा माणूस विचार कसा करतो हे त्याला दिसतं. आणखी एक: ओळखीचा चांगला लेख लिहायचाच असेल, तर असे दहा-बारा लहान लेख हातून झाल्यावर तो लिहा. मग काय गाळायचं हे कळलेलं असतं.

चौथी अडचण नोकरदारांची. प्रश्न कंपनीच्या कामात भेटला, मग तो बाहेर कसा लिहायचा? इथे सावधगिरी आणि चांगलं लिखाण एकाच दिशेला जातात. कंपनीचा कोड उचलून त्यातली नावं बदलणं हा मार्ग धोक्याचा आहे, आणि लेखालाही तो जड होतो. कोऱ्या फोल्डरमध्ये, स्वतः बनवलेल्या चार ओळींच्या मजकुरावर तोच बिघाड पुन्हा घडवून आणा. घडला, तर कारण तुम्हाला खरोखर समजलं आहे. नाही घडला, तर कारण वेगळंच आहे आणि लेख लिहायची वेळ अजून आलेली नाही. ग्राहकांची नावं, अंतर्गत सर्व्हरचे पत्ते, पासवर्ड आणि टोकन यांचा या कोऱ्या उदाहरणाशी संबंधच उरत नाही. कोड गिटमध्ये ठेवून सर्वांसाठी खुला करणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या, की एकदा कमिट झालेलं टोकन पुढच्या कमिटमध्ये पुसलं तरी इतिहासात शिल्लक राहतं. आणि करारात लिखाणाबद्दल अट असेल, तर आधी वरिष्ठांना विचारा. प्रसिद्ध झाल्यावर विचारून उपयोग नाही.

अलीकडचा आक्षेप असा, की एआय सहायकाला विचारलं तर तो उत्तर देतोच, मग लेख कशाला? सहायक उत्तर देतो हे खरं, आणि पुष्कळदा बरोबरही देतो. पण तुमच्या टर्मिनलवर काय छापलं गेलं हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय किंवा टर्मिनल त्याच्या हाती दिल्याशिवाय कळत नाही. कधीच न चाललेल्या कोडचं पटण्याजोगं आउटपुट तो लिहून देऊ शकतो, आणि ते खऱ्यासारखंच दिसतं. त्यामुळे लेखातली वाक्यं सुधारायला, दुसरं मत घ्यायला तो खुशाल वापरावा. मात्र लेखातला प्रत्येक आकडा, प्रत्येक एरर आणि प्रत्येक आउटपुट तुमच्या संगणकावर प्रत्यक्ष घडलेलं असलं पाहिजे. पडताळून पाहिलेला नवा मजकूरच कुणी लिहिला नाही, तर उद्याच्या सहायकालाही शिकायला जुनाच मजकूर उरेल.

भाषेचा प्रश्न लवकर मिटवता येतो. कोणत्या वाचकासाठी लिहिता ते ठरवा. देवनागरीतल्या शोधाची अडचण पुण्यातल्या, नाशिकमधल्या किंवा पणजीतल्या मराठी प्रोग्रामरला आहे, त्याच्यासाठी मराठीत लिहिणं स्वाभाविक. लायब्ररीतला दोष जगभरच्या देखभाल करणाऱ्यांना कळवायचा असेल तर इंग्रजीत लिहा. मराठीत लिहिताना स्ट्रिंग, फंक्शन, कमिट हे शब्द सहकाऱ्याशी बोलताना जसे वापरता तसेच वापरा. श्रम घ्यायचे ते क्रियापदांवर. 'तुलना करण्यात आली असता असे निदर्शनास आले' असं लिहिलं की तुलना कुणी केली, कशाशी केली, हे धूसर होतं; 'तुलना केली, उत्तर फॉल्स आलं' यात सगळं येतं.

मसुदा झाला की दोन तपासण्या करा. एक, नवा फोल्डर उघडा, लेखात लिहिलेल्या आज्ञा लेखातूनच कॉपी करून क्रमाने चालवा आणि लेखात छापलेलं आउटपुटच येतं का बघा. टाइप करताना सुटलेली इम्पोर्टची ओळ, आधीच इन्स्टॉल असल्यामुळे सांगायची राहिलेली लायब्ररी, एडिटरने सरळ अवतरणचिन्हांची बाकदार केलेली चिन्हं, हे सगळं या एका तपासणीत सापडतं. दोन, हा विषय माहीत नसलेल्या एका सहकाऱ्याला लेख द्या आणि तो वाचत असताना शेजारी बसा. 'कसा वाटला' असं विचारू नका, कारण उत्तर 'छान' येईल. तो कुठल्या ओळीपाशी मागे गेला, कुठे कोड चालवायला थांबला, कुठे भराभर खाली सरकला, हे टिपून ठेवा आणि त्याच्या प्रश्नांना तोंडी उत्तरं देऊ नका. जे उत्तर द्यावंसं वाटलं ते त्या ओळीच्या आधी लेखात लिहा, आणि पुढचा मसुदा दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.